काविळीला आलेली माणसं

आजारी माणसाला बघायला जाणं हा आपल्या लोकांचा आवडता कार्यक्रम आहे. माझ्या नणंदेच्या पित्ताशयातून खडे निघाले तेव्हा तिच्या घरी महिनाभर चहाचं पातेलं गॅसवरून उतरलं नाही. खडे एका डबीत ठेवले होते. येईल त्याच्या हातात आधी डबी, मग चहा. लोक सोन्याचा दागिना बघावा तसे ते खडे उजेडाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "बापरे, एवढाले." सफरचंदं आणायचे, शहाळी आणायचे, आणि आपापल्या पोटाच्या तक्रारी आणायचे.

माझा अमोल कॉलेज सोडून घरात बसला, भिंतीशी बोलायला लागला, तेव्हा यातला एक माणूस माझ्या दारात आला नाही. नणंदही नाही. रस्त्यात भेटली तर विचारायची, "अमोल काय करून राहिला?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्कूटी चालू करायची. डोक्याच्या दुखण्याला कोणी सफरचंद आणत नाही.

आता अशा घरी जाणं हेच माझं काम आहे. मानसिक आजारी माणसांच्या घरच्यांसाठी एक संस्था आहे, तिथं त्याला पिअर सपोर्ट म्हणतात. ज्या घरात हे होऊन गेलं त्या घरातल्या बाईनं, जिथं आत्ता होऊन राहिलं तिथल्या बाईजवळ जाऊन बसायचं, एवढंच ते. ट्रेनिंग द्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, सल्ला द्यायचा नाही, आणि त्या घरातली गोष्ट घरच्यांच्या परवानगीशिवाय कोणापुढे काढायची नाही. दोन्ही बरोबर आहे. मी आजवर मोडलं नाही, ही गोष्टही गोपिकाला विचारूनच सांगते आहे. पण मॅडमनी गोपिकाचा हॉल पाहिला नव्हता.

गोपिका नागपूरच्या बेसात राहते, नव्या फ्लॅट स्कीममध्ये, तिसऱ्या मजल्यावर. नवरा अंकुश कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. सासर भिवापूरकडचं, शेतीवाडीचं. एकुलता एक अश्विन पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीनंतर त्याची झोप उडाली. मग त्यानं घरातल्या सगळ्या प्लगच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, कारण त्यातून वर्गातली पोरं त्याला हसत होती. मग एका सकाळी तो गॅलरीच्या कठड्यावर चढून उभा राहिला. गोपिकानं कमरेला मिठी मारून त्याला खाली पाडलं. तिच्या कोपराचं हाड सरकलं.

दवाखान्यात पहिल्या दोन गोळ्या लागू पडल्या नाहीत, तिसरी पडली. आवाज आधी बारीक झाले, मग बहुतेक बंद झाले. सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही गोळी बंद करायची असेल तेव्हा मी करीन. तुम्ही नाही."

पोराला घरी आणलं तर लिफ्टमध्ये शेजारच्या मधुवंतीताई. निवृत्त अधिकाऱ्याची बायको, इमारतीतलं सगळं माहीत असणं ही त्यांची नोकरी. "अगंबाई, किती वाळलाय हा. झालं काय?"

अंकुशच्या तोंडून निघालं, "कावीळ."

भित्रा माणूस खोटं बोलतो तेव्हा ते चांगलं निवडतो, हे मान्य करायला पाहिजे. कावीळ इज्जतदार आजार आहे. बाहेरचं पाणी प्यायला, झाली. त्यात माणूस वाळतो, सुस्तावतो, महिना-दोन महिने घरी बसतो, आणि कोणी आईबापाकडे बोट दाखवत नाही.

कावीळ म्हटल्यावर बेसा जागं झालं.

मी दर आठवड्याला जायची. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी माझी ओळख "शिवणक्लासच्या ताई" अशी होती. आधी मी आणि गोपिका स्वयंपाकघरात दोघीच बसायचो, ती थोडं रडायची, थोडं अंकुशच्या नावानं बोलायची. आता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. फुटाण्यांच्या पुड्या, मुळे, मोसंबी. वामनराव म्हणून एक रिटायर मास्तर काविळीची माळ देतात. मुळीचे तुकडे ओवलेली ती माळ अश्विनच्या गळ्यात पडली. कावीळ उतरली की माळ लांब होते म्हणे. मास्तर रोज येऊन तिची लांबी बघायचे. पोरगा सोफ्यावर देवासारखा बसलेला आणि समोर भक्त.

एक गोष्ट खरी सांगते, सुरुवातीला पोराला ते बरं वाटलं. कोणी तरी म्हणालं, "लवकर बरा हो बेटा," तर तो हसला. गोपिका मला आत येऊन म्हणाली, "ताई, इतक्या लोकायनं त्याले कधी बेटा नाई म्हटलं." मला त्या लोकांचा तेव्हा जास्त राग आला. एवढी माया यांच्याजवळ पडून होती तर.

मग बापूजी आले. अंकुशचे मोठे भाऊ, घरातले कर्ते, आठ दिवसांच्या तयारीनं. आल्याआल्या त्यांनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं.

"हे कायच्या गोळ्या?"

"काविळीच्याच," अंकुश म्हणाला.

"काविळीत इंग्रजी गोळी? काहून गा, पोराचं लिव्हर फाडतं का?"

वामनरावांनी मान डोलावली. माळ गळ्यात असताना दुसरं औषध चालतच नाही, माळ चिडते. अंकुशनं पाकीट उचललं, दवाखान्याची फाईल उचलली, दोन्ही कपाटात टाकलं आणि चावी खिशात ठेवली. बापूजींपुढे त्याची मान लग्नाच्या आधीपासून खाली आहे.

गोपिकानं मला फोन केला तेव्हा ती गच्चीवर होती. "हे म्हणतात, चार दिवस थांब. बापूजी गेले का सुरू करू म्हणतात."

"डॉक्टरांना विचारलं?"

"विचारलं. ते म्हणाले, आजच सुरू करा, अन् सोमवारी घेऊन या. पण चाबी यायच्या खिशात हाय. बापूजी घरात असताना मी भांडू कशी? लगनाले इतके वर्षं झाले, मी त्यायच्यासमोर मोठ्यानं बोलली नाई."

मी गेले. अंकुशला गॅलरीत गाठलं आणि डॉक्टरांचंच सांगितलं, "भाऊ, आजच गोळी द्या पोराला."

"देतो ना ताई. तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे." भित्र्या माणसाशी हीच अडचण, भांडताच येत नाही, तो लगेच हो म्हणतो. "पण आता बापूजीले काय सांगू? भिवापूरले पोचलं का संपलं सगळं."

"पोराचं काय होईल?"

"बघा ना, शांत तर बसला आहे."

पोरगा शांत नव्हता. त्याचा पाय हलत होता, थांबत नव्हता. आणि हॉलमधल्या टीव्हीच्या प्लगवर नवी चिकटपट्टी होती. अंकुशनं ती पाहिली नव्हती असं मी मानत नाही.

मी गोपिकाला म्हटलं, "मी सांगू का सगळ्यांना?" ती नाही म्हणाली. मग माझं तोंड बंद.

रविवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा हॉल भरला होता. बापूजी मधल्या खुर्चीत, वामनराव शेजारी, मधुवंतीताई द्राक्षं घेऊन, खालच्या मजल्यावरचं एक जोडपं, आणि काही चेहरे ज्यांची नावं गोपिकालाही माहीत नव्हती. काविळीवर चर्चा रंगात आली होती. कोणाच्या मामेभावाला तीन वेळा झालेली, हे सांगताना माणसाचा चेहरा असा की मामेभावानं पदकं आणली.

अश्विन एकदम मधुवंतीताईंना म्हणाला, "तुमी माह्याबद्दल भिंतीतून काहून बोलता?"

ताईंचा हात द्राक्षांवरच राहिला. "मी? नाही रे बाळा."

"रोज बोलता. आता बी बोलून राहिल्या. तोंड बंद ठेवून."

कोणी तरी हसलं. वामनराव म्हणाले, "पित्त आहे. पित्त डोक्यात चढलं की माणूस असा बरळतो. ही जुनी कावीळ दिसते, माळेला आवरायची नाही."

"मंग डाग द्या लागते," बापूजी म्हणाले. "आमच्या गावाकडं एक जण हाय, दंडावर तापला खिळा टेकवते. तीन डागात कावीळ खलास. उद्या सकाळी नेतो मी याले."

"चांगलं आहे," खालच्या मजल्याचे गृहस्थ म्हणाले. चांगलं आहे म्हणायला काय लागतं, दंड दुसऱ्याचा होता.

"अंकुश, गाडी सांग गा उद्यासाठी."

सगळे अंकुशकडे बघायला लागले. त्यानं मोबाईल काढला. गाडीवाल्याचा नंबर शोधायला लागला. खरंच शोधायला लागला. एका शब्दात थांबलं असतं, आणि तो माणूस अंगठ्यानं नावं वर सरकवत होता.

गोपिका स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, फरशीवरच. डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्याले कावीळ नाई," ती म्हणाली.

"काय?" बापूजी.

"कावीळ नाई झाली त्याले. कधीच नाई झाली. त्याच्या डोक्याचा आजार हाय. त्याले कोणी नसताना आवाज ऐकू येतात. मेंटलच्या दवाखान्यात होता तो, मी त्याच्या खाटेपाशी खाली झोपत होती. त्याची गोळी तुमी लोकायनं बंद केली, म्हणून तो आज असा बोलून राहिला. हा मागं एकदा गॅलरीवर चढला होता. पुन्हा चढंल."

वामनराव माळेकडे बघत होते, जशी काही माळेनंच फसवलं. मधुवंतीताई सोफ्यावर अश्विनपासून वीतभर सरकल्या. इतके दिवस त्याच पोराच्या मांडीवर थोपटत होत्या.

"सूनबाई, लोकायसमोर काय हे," बापूजी म्हणाले.

"लोकायसमोरच तर डाग द्याचं ठरलं बापूजी." मग ती नवऱ्याकडे वळली. "चाबी द्या."

अंकुश हलला नाही. तिनं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. आता सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता. आयुष्यभर हा माणूस लोक काय म्हणतील म्हणून जगला, आणि त्याच लोकांपुढे बायकोला नाही म्हणून आणखी एक तमाशा करायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं चावी दिली. मला त्याचं कौतुक नाही. पण चावी मिळाली.

ती पाकीट घेऊन आली. अश्विननं गोळीकडे पाहिलं, मग बापूजींकडे.

"लिव्हर फाटते म्हणतात."

"डॉक्टरनं रक्त तपासलं तुझं. लिव्हर चांगलं हाय."

"तू खरं बोलून राहिली?"

"आता खरंच बोलली ना मी. ऐकलं ना तू सगळं?"

त्याचा पाय हलतच होता. गोपिकानं कोणालाच बोलू दिलं नाही, वामनरावांनी तोंड उघडलं तर त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. मग अश्विननं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याला, आणि दवाखान्यात सिस्टरसमोर करायचा तसा जबडा उघडून दाखवला. जीभ वर, डावा गाल, उजवा गाल. त्या सगळ्या माणसांच्या देखत. दोघा-तिघांनी मान फिरवली. डबीतले खडे असते तर याच लोकांनी हातात घेऊन बघितले असते.

मग सगळ्यांना एकदम कामं आठवली. दारात चपलांची गर्दी झाली, कोणाच्या पायात कोणाची. खालच्या मजल्याचे गृहस्थ "काळजी घ्या" म्हणाले, ते दाराच्या कडीकडे बघून. मधुवंतीताई द्राक्षं ठेवू की नेऊ या विचारात उभ्या राहिल्या. नेली. बापूजी आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागले, शेवटची एसटी मिळते का बघतो म्हणाले. गोपिका म्हणाली, "जेवून जा." ते जेवले नाहीत. माणूस एवढा कर्ता, पण पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवायला दारातून परत फिरला नाही.

हॉल रिकामा झाला. फरशीवर चहा तसाच, गार. अश्विन आत जाऊन आडवा झाला. झोपला नाही, पण आडवा झाला.

अंकुश सोफ्यावर बसला होता. "केलं ना तू," तो म्हणाला. "आता गावात तोंड कुठं दाखवू?"

"उद्या दवाखान्यात दाखवा," गोपिका म्हणाली. "दहाले बोलावलं हाय. साहेबाले फोन करून सुट्टी घ्या."

"अन् काय सांगू?"

"पोराले दवाखान्यात न्यायचं हाय म्हणा."

"ते विचारतील, काय झालं."

"हाव. विचारतील."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी सल्ला देत नाही. मी फरशीवरचे कप उचलत होते.

त्यानं फोन लावला. उद्या येत नाही साहेब, पोराले दवाखान्यात न्यायचं आहे. मग थांबला. पलीकडून विचारलं असणार. गोपिका त्याच्यासमोर उभी होती, हलत नव्हती. त्यानं एक हात तोंडाजवळ धरला, जसं कोणी ऐकेल, आणि म्हणाला, "डोक्याचं आहे साहेब. मानसिक."

आवाज इतका बारीक काढला होता की साहेबाला ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं.