सांगानेर, एक

रिकाम्या बाटल्यांची पिशवी छातीशी धरून रत्नप्रभा जयपूर स्टेशनच्या गेटातून धावत आत शिरली, तोच टी.सी.चा हात तिच्यापुढे आडवा आला.

"तिकीट?"

टी.सी. म्हणजे गुलाबराव. तिचे बाबा.

समोर सांगानेरची गाडी लागलेली, इंजिन वाफ सोडतंय, आणि ती—

थांबा. आधी मागचं.

*

दोन वर्षं ती विद्यापीठातले सूचनाफलक वाचत होती. पीएच.डी.ला जागा होत्या. फेलोशिप असलेली जागा नव्हती. घरात ठरलं होतं: या उन्हाळ्यापर्यंत फेलोशिप मिळाली तर शिकायचं, नाहीतर अकोल्याच्या स्थळाला होकार. आणि मग रसायनशास्त्र विभागात, परीक्षेच्या वेळापत्रकाखाली, एका कागदाचा कोपरा फडफडताना दिसला. तिनं वरचा कागद उचलला. सांगानेरच्या कापडछपाईचे रंग आणि नाल्याचं पाणी. संशोधक हवा, एक. दरमहा फेलोशिप.

एक!

काल मुलाखत झाली. माथुर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"सांगानेर का पानी देखा है कभी?"

"जी. रेल के पुल से. कभी नीला, कभी लाल."

"और बीच में?"

"बीच में क्या होता है, वही तो पूछना है."

मॅडम हसल्या. "तो कल से पूछिए. बोतलें ले जाइए."

*

"मतलब, पैसे देऊन शिकवणार?" आईच्या हातातली पोळी तव्यावरच राहिली.

"हो, आई!"

"मग अकोल्याच्यांना काय सांगू?"

"सांग, पोरगी नाल्यात गेली."

आई हसली. बाबा नाही. अकोल्याचा मुलगा त्यांना फार आवडला होता. त्यांनी एवढंच विचारलं,

"कमाई उद्यापासूनच?"

"उद्यापासूनच."

मग ते तिकिटं टोचायचा चिमटा फडक्यानं पुसत बसले. बराच वेळ.

*

—आणि ती बाबांकडे बघतच राहिली.

"बाबा, मी आहे."

"दिसतंय. तिकीट?"

तिनं जन्मात तिकीट काढलं नव्हतं. लांब जायचं तर वडिलांच्या रेल्वेच्या पासात तिचं नाव असायचं. जवळ जायचं तर बाबांनी मान हलवली की झालं. मागून माणसं रेटत होती. अकोल्याचा राग आज, इथं काढायचा? डोळे भरून आले तशी ती वळली आणि पहिली दिसली त्या खिडकीकडे धावली.

"बहनजी, यह रिज़र्वेशन है. उधर जाइए."

उधर रांग. रांगेत ती टाचा उंचावून गाडीकडे बघत राहिली. खिडकी आली तेव्हा आवाज भलताच मोठा निघाला.

"सांगानेर, एक!"

परत गेट. गुलाबरावांनी ते पुठ्ठ्याचं तिकीट घेतलं, उलटसुलट पाहिलं, जणू नोकरीत पहिल्यांदाच बघत होते. टोचलं. पण सोडलं नाही.

"अरे टी.सी. साहब, जल्दी करो! कौन है यह?" मागचा वळकटीवाला करवादला.

"मेरी बेटी है," बाबा म्हणाले. मग फलाटभर ऐकू जाईल असं, "अब कमाती है. टिकट लेके जाती है!"

शिटी झाली. तिकीट मुठीत घेऊन, बाटल्या खणखणवत ती धावत सुटली.

सांगानेरच्या गेटवरचा टी.सी. ओळखीचं हसला. "गुलाबरावजी की बिटिया! जाओ, जाओ."

ती गेली नाही. तिनं तिकीट पुढे धरलं, आणि त्यानं ते हातात घेईपर्यंत तिथेच उभी राहिली.