एकडोळ्या सूक्ष्मदर्शक आणि ‘मोनो’चा धसका

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला एकच डोळा आहे. माझ्या खोक्यावर ‘मोनोक्युलर’ असं छापलेलं होतं. मित्रांनो, ‘मोनो’ म्हणजे एक. एवढासा शब्द, पण त्याच्यापायी एक माणूस जिवाला मुकला असता आणि मला सगळं दिसत असून मी गप्प होतो. आठवलं की अजून माझी चिडचिड होते.

माझी भिंगं अंबाल्याच्या कारखान्यात घासली गेली. तिथून मी सुरतेला आलो, कडोदऱ्याच्या हायवेलगत, एका गाळ्यातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये. शेजारी कापड विणायचे लूम चालायचे. त्यांच्या खडखडाटाने माझ्यावरची काचपट्टी थरथरायची. मला वापरणारा प्रज्ञेश हा रेल्वेत नोकरीला असलेल्या भाऊराव नावाच्या गृहस्थांचा मुलगा. हुशार, पण सदा घाईत. तापाचे दिवस आले की त्याला पाणी प्यायलाही सवड नसे.

अशाच एका गर्दीत निंबाचं रक्त माझ्यापुढे आलं. निंबा खानदेशातला लूम कामगार, थंडीतापाने हैराण झालेला. काचपट्टीवर लाल पेशींच्या दाटीत मला मलेरियाचा जंतू स्वच्छ दिसला. अंगठीच्या आकाराचा, सबंध देह एकाच पेशीचा. पुस्तकात याला एकपेशीय म्हणतात. पण मला दिसून काय उपयोग? बघणाऱ्याला दिसायला हवं. प्रज्ञेशने घाईघाईत नजर फिरवली आणि लिहून टाकलं, ‘मलेरिया नाही. मोनोसाइट वाढलेले.’ मला ओरडावंसं वाटलं. पितळेच्या नळीला कुठला आवाज!

तो कागद घेऊन निंबाची बायको धुरपदाबाई निघाली. वाटेत गल्लीतल्या हिलालने तो वाचला. हिलाल कधीकाळी दवाखान्यात पट्ट्या बांधायचा, म्हणून सगळे त्याला विचारायचे. “मोनोसाइट? हा तर रक्ताचा कॅन्सर!” तो म्हणाला. झालं! आता मरणारच, म्हणून निंबाने तापाचं औषधही सोडलं.

काही दिवसांनी धुरपदाबाई पुन्हा लॅबच्या दारात उभी राहिली. बाहेर रिक्षात निंबा गोधडी पांघरून थडथड कापत होता.

“भाऊ, आम्ही गावले जाई राह्यनूत,” ती आपल्या अहिराणीत म्हणाली. “मरनंच शे ते आपला घरमा मरसू, आसं म्हनी राह्यना हाऊ. पन माले सांग, मोनो म्हंजे काय?”

“मावशी, मोनो म्हणजे एक,” प्रज्ञेश म्हणाला. “आपल्या पांढऱ्या पेशींतली ती एक जात. तिच्या पोटात एकच केंद्रक असतं. तो रोग नाही, शरीराचा राखणदार आहे. तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या रक्तात असतो.”

“राखणदार शे? मंग तो वाढना कसाले? घरमा चोर घुसेल शे का?”

 प्रज्ञेश उठला आणि त्याने निंबाची जुनी काचपट्टी शोधून माझ्याखाली ठेवली. या खेपेला त्याने जास्त ठळक दिसावं म्हणून तेलाचा थेंब सोडला, श्वास रोखला आणि काच हळूहळू सरकवली. एका मोनोसाइटच्या पोटात काळे ठिपके दिसले. राखणदाराने काहीतरी गिळलं होतं! मग तो लाल पेशी एकेक करून बघत गेला. अखेर त्याला ती अंगठी सापडली.

“मावशी, कॅन्सर नाही, मलेरिया आहे! माझंच चुकलं, मी घाई केली. गावाला नाही, आधी डॉक्टरांकडे चला.”

तो स्वतः रिक्षात बसून गेला. गोळ्या लागू पडल्या. निंबा बरा होऊन लूमवर परतला. एकदा पेढे घेऊन आला आणि माझ्यापुढे हात जोडू लागला. प्रज्ञेश म्हणाला, “याला कशाला? घरी जाऊन मावशींना जोडा.” मला राग आला, पण बोलला ते खरंच होतं.

पुढे लॅबमध्ये दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला. जो तो त्याचं कौतुक करू लागला. मला उधन्याच्या मराठी शाळेला देऊन टाकलं. वाटलं, आता मुलं भेटतील! पण मी मोडेन या भीतीने विज्ञान शिकवणाऱ्या मालतीबाईंनी मला वर्गातल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं. आत बसून मी रोज ऐकतो, “एकपेशीय म्हणजे ज्याचं शरीर एकाच पेशीचं असतं. एकबीजपत्री म्हणजे ज्याच्या बीत एकच दल असतं.” सगळं पाठ! तुम्ही मुलं फळ्यावरून अमीबा उतरवून काढता, रंगवता. खरा मात्र तुमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. इकडे सुरतेच्या दमट हवेने माझ्या भिंगावर बुरशी चढते आहे.

मित्रांनो, मालतीबाई वाईट नाहीत. पण मोडायच्या आधी मी आंधळा होईन, हे त्यांना कोण सांगणार? मला मऊ कापडाने पुसा. डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब आणा आणि घाई न करता बघा. किल्ली बाईंच्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. उद्या विज्ञानाच्या तासाला उभे राहा आणि ती मागा.