बानूची आंघोळ

ज्योतिबानं बंबातलं पाणी घमेल्यात ओतलं, तान्ह्या लेकरासाठी बघतात तसं कोपर बुडवून बघितलं, आणि ओंजळीओंजळीनं ते बानू मेंढीच्या पाठीवर सोडायला सुरुवात केली. मेंढी अंग झटकत होती, म्हातारा भिजत होता, आणि पौषातल्या त्या दाट धुक्यात दोघांच्याही अंगातून वाफा निघत होत्या. पलीकडचा ऊस धुक्यात पार बुडाला होता. हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांचा नुसता आवाज येत होता, गाडी काही दिसत नव्हती.

चुलीपुढं भाकरी थापणारी प्रतिभा बघतच राहिली. सत्तरी ओलांडलेला आपला सासरा थंडीचा स्वतःच्या अंगाला पाणी लागू देत नाही, आणि आज मेंढीला न्हाऊ घालतोय! तिला मनापासून बरं वाटलं. रक्त घ्यायचं तर जागा स्वच्छ हवी, हे तिनं त्यांना सांगितलंही नव्हतं. मामांना आपलं आपणच कळलं म्हणायचं.

काय म्हणावं या बाईला! डोळ्यांपुढं सगळं घडत होतं, पण ती जाग्यावर होती कुठं?

बारावी सायन्स झाल्या झाल्या तिचं लग्न झालं आणि ती कासुर्डीला आली. पुढं लेकरं, मेंढरं, परक्याचा ऊस. थोरलीचं लग्न झालं, धाकटा शिकायला पुण्याला गेला, आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर प्रतिभानं दौंडच्या एका कॉलेजात लॅबच्या डिप्लोमाला नाव घातलं. रक्त, लघवी, थुंकी तपासायचं शिक्षण. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची. नवरा मल्हार पाटसच्या कारखान्यावर पाळीला जायचा. तो म्हणाला, "शिक की, मी कुठं अडवलंय?" आणि कूस बदलून झोपला. सासरा मात्र काहीच बोलला नाही. हो नाही, का ना नाही.

आता शेवटचे सहा महिने शिरूरच्या एका दवाखान्यात राहून काम शिकायचं होतं. येणार की नाही, ते सोमवारी मॅडमना सांगायचं होतं. सहा महिने घराबाहेर! ज्योतिबाच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय त्या घरातून बाईमाणूस असं बाहेर पडलेलं नव्हतं. प्रतिभानं जेवताना दोनदा विषय काढून बघितला. दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं ताटात हात धुतला आणि मेंढरांच्या वाघरीकडं निघून गेला. त्यांच्या मनात नाही, एवढं तिनं ओळखलं होतं. न विचारता जायची तिची छाती नव्हती, आणि गेली नाही तर सगळं शिक्षण पाण्यात.

त्यातच मॅडमनी वर्गात एक थाळी आणली. काचेची, तळहाताएवढी, आत लालबुंद काहीतरी खरवसासारखं थिजलेलं. मेंढीचं रक्त घालून केलेली थाळी. त्यावर कुणाच्या तरी घशातले जंतू वाढवले होते. पांढुरके बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग विरून गेलेलं स्वच्छ कडं. प्रतिभानं ती उजेडाकडं धरली आणि तिचं भान हरपलं. तेव्हापासून तिला भाकरीच्या पापुद्र्यावर तेच ठिपके दिसायला लागले. दोन भाकरी रोज करपायच्या.

"ह्या वेळी थाळ्या आपणच करू," मॅडम म्हणाल्या. "प्रतिभाताई, तुमच्याकडं मेंढ्या आहेत ना?"

हिनं पुढचामागचा विचार न करता हात वर केला.

मंगळवारी तिनं भीत भीत सासऱ्याला विचारलं होतं.

"मामा, कॉलेजात मेंढीचं रक्त लागतंय. ताजं."

ज्योतिबा दोरीचा पीळ सोडवत बसला होता. त्याचा हात थांबला.

"तुझ्या शिक्षणाला?"

"व्हय."

"एक पुरं व्हईल?"

"एक पुरे."

"कवा?"

"शनिवारी सकाळी. यवतचे जनावरांचे डॉक्टर येणार हायेत."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा दोरीकडं वळला. इतक्या सहज मिळालेल्या त्या होकारानं ती हवेतच गेली. मग म्हाताऱ्यानं रोज लसूणघास उपटून बानूला हातानं चारला, आणि सासूनं, भामाबाईनं, गुडघे दुखतात म्हणून दोन दिवस अंथरूण धरलं, त्यातलं काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

"पयली भाकर इकडं दे," आतून येऊन भामाबाई म्हणाली. तिनं भाकरीवर गूळ कुस्करला आणि अंगणात जाऊन ती बानूला खाऊ घातली. मग देव्हाऱ्यातला भंडारा आणून मेंढीच्या ओल्या कपाळाला लावला.

"आत्या, तिला कशाला पिवळी केली?" प्रतिभा हसून म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं नुसतं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

डॉक्टर मोटरसायकलवरून आले तेव्हा धुकं विरळ होऊन सगळीकडं दुधाळ उजेड पसरला होता. त्यांनी बानूच्या मानेवरची लोकर थोडी कातरली आणि शीर चाचपली. ज्योतिबानं दोरी धरली, पण तोंड उसाकडं फिरवलं. सुई गेली. बानू एकदाच बेंबाटली, आणि म्हाताऱ्याचे खांदे आक्रसले. नळीतून गडद रक्त आलं, प्रतिभाच्या हातातल्या काचेच्या चंबूत उतरलं. चंबूत काचेचे मणी होते. रक्त गोठू नये म्हणून तो सारखा गोल हलवत राहायचं होतं. मणी बारीक किणकिणत होते, रक्ताला फेस येत होता, आणि प्रतिभाला त्यात आधीच थाळ्या दिसत होत्या.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "सोडा आबा."

ज्योतिबानं मान वळवली नाही. "आन् म्होरं?"

"म्होरं काय? पाणी पाजा. आज लांब चारायला नेऊ नका."

म्हातारा सावकाश फिरला. बानू घासाच्या पेंढीकडं दोरी ओढत होती.

"म्हंजी... ऱ्हाती ही?"

"न ऱ्हायला काय धाड भरलीय तिला?" डॉक्टर हसले आणि हात धुवायला रांजणाकडं गेले.

प्रतिभानं बानूच्या पिवळ्या कपाळाकडं बघितलं. आंघोळ. गुळाची भाकरी. भंडारा.

"मामा," ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं, कापायची हाय?"

"मंग? रगात म्हनलीस. ताजं म्हनलीस."

"आन् तरी बानूच काढलीत? सात मेंढरं हायेत की."

आई हायवेवर ट्रकखाली गेली, तेव्हा बाटलीनं दूध पाजून वाढवलेली बानू. व्यापाऱ्यानं कितीदा मागितली, तरी म्हाताऱ्यानं दिली नव्हती. त्यानं नाक पुसलं आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "शिकायला द्याचं, आन् मरतुकडं द्याचं व्हय?"

तेवढ्यात आतून भामाबाई आली, गुडघेबिडघे सगळं विसरून. तिनं मेंढीच्या गळ्याला मिठी मारली आणि नवऱ्यावर तोंड सोडलं. "चार दिस घास उतरला न्हाई माझ्या नरड्याखाली! ह्या बाबानं एकदा नीट इचारू नये?"

प्रतिभाला रडू आवरेना. चार दिवस आपण थाळ्यांची स्वप्नं बघत हिंडलो, आणि ही दोघं घरातच मुकाट्यानं कष्टी होत होती. एकानं तरी म्हणावं ना, की नको? तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त माया दाटून आली. धावत जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण हातात चंबू होता.

"आता ठिव की त्ये खाली," ज्योतिबा म्हणाला. "डोळं पूस आदी."

"ठेवता येत न्हाई मामा. हात थांबला की रक्त गोठतं."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचं उपरणं काढून सुनेचं तोंड पुसलं. आडदांड हात, सवय नसलेला. नाकही पुसलं.

"मास्तरणीला सांग, शिरूरला येती म्हनून," तो म्हणाला. "खोली बगाया मी येतो. दाराला आतनं कडी हाय का न्हाई, ते तुला काय कळायचं न्हाई. तू आपली सपनात असती."