बिनकावळ्याचं बेट

त्या बेटावर ऊन उतरतं ते चप्पल काढून. पहाटे पूर्वेच्या कडेला ते क्षणभर थबकतं, अंगठ्यानं पाण्याचा गारवा चाचपतं, आणि मग पाचूच्या पातळ थरातून, प्रवाळांच्या शुभ्र अंगणातून, दबक्या पावलांनी किनाऱ्याला लागतं. लाटा तिथे नाहीतच म्हणा. दूर, प्रवाळांच्या कुंपणाशी, समुद्र आपलं गर्जन उतरवून ठेवतो आणि आत येतो तो नुसता निःश्वास होऊन.

दक्षिणेच्या निळाईत हरवलेलं हे बेट इतकं चिमुकलं, की नकाशावर माशी बसली तर तिथली माणसं म्हणतात, आज मळभ आलंय. तिथले माड इतके अलस, की नारळ टाकायचा तर आधी जेवण, मग वामकुक्षी, मग जमलंच तर. तिथला वारासुद्धा सकाळी निघतो तो एका झावळीवरून दुसऱ्या झावळीवर पोचेस्तोवर संध्याकाळ करतो.

तिथे ध्यानस्थ बगळे आहेत. उन्हाच्या रंगाच्या शेळ्या आहेत. शंख पाठीवर घेऊन बिऱ्हाडं हलवणारे खेकडे आहेत.

कावळा नाही.

म्हणतात, फार वर्षांपूर्वी एका गलबताच्या डोलकाठीवर बसून एक आला होता. माडाच्या शेंड्यावर बसला, ऐटीत चोच उघडली, आणि भोवतालची ती अथांग, दुधाळ, निळी शांतता पाहून त्याला आपल्या आवाजाची अशी लाज वाटली, की उघडलेली चोच तशीच मिटून तो त्याच गलबतानं परत गेला. जातभाईंना त्यानं काय सांगितलं कोण जाणे. पुढे एकही फिरकला नाही.

हे कुमुदिनीबाई रणदिव्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या इतक्या लांब आल्याच नसत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात, फडताळाशेजारी, औषधाच्या दुकानाचं एक कॅलेंडर होतं. वर्षं उलटली, दुकान उठलं, पण मे महिन्याचं पान काही उलटलं नाही. कारण त्या पानावर असलंच एक निळं पाणी होतं आणि पाण्यात पाय सोडून बसलेला असलाच एक माड. दिगंबरराव चहाची बशी हातात धरून त्या पाण्याकडे बघत राहायचे. म्हणायचे, "एकदा जायचं इथे. नुसतं पडून राहायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

"मग घरी काय वेगळं करता?" असं म्हणून कुमुदिनीबाई फोडणीत मोहरी टाकायच्या, आणि त्या तडतडाटात ते बेट दर वेळी बुडून जायचं.

मग एके दिवशी दिगंबररावच गेले. बशी राहिली. पाणी राहिलं.

दहाव्याला नदीकाठी भाताचा पिंड मांडला, तेव्हा चिंचेवर अख्ख्या जिल्ह्याचे कावळे जमले होते. काळे, तुळतुळीत, मान वाकडी करून साक्षी ऐकणाऱ्या वकिलांसारखे. एकही खाली उतरेना. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असणार. ती कुणीतरी कबूल केल्याशिवाय कावळा शिवायचा नाही. एकेक जण पुढे झाला. मुलगा म्हणाला, गच्चीची गळती काढतो बाबा. सून म्हणाली, तुमची सायकल विकणार नाही. धाकटी बहीण नलिनी हात जोडून म्हणाली, "दादा, वहिनीला एकटं पडू देणार नाही रे." कावळ्यांनी माना या बाजूच्या त्या बाजूला केल्या. ऊन चढलं. पाणी तापलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

गवताचा कावळा. गवताची चोच. गवताचं समाधान.

आणि घरी येऊन, चहाचं आधण ठेवताना, कुमुदिनीबाईंची नजर भिंतीवर गेली. मे महिना. निळं पाणी. सगळ्यांनी सगळं कबूल केलं होतं. हे एवढं एक कुणीच नाही.

म्हणून आज, वर्षश्राद्धाच्या तिथीला, मुलाला घरी गुरुजींपाशी बसवून, त्या या निळाईच्या काठावर बसल्या होत्या. त्यांचा हिशेब अगदी सोपा होता. दिगंबररावांना हवं होतं ते इथे त्यांच्या नावानं भोगायचं. भोगलं, असं मोठ्यानं सांगायचं. पानावर दहीभात ठेवायचा. कावळा येईल. हाडामांसाचा, खऱ्या चोचीचा. शिवेल. माणूस सुटेल. उद्या सकाळची बोट.

सोबत आलेल्या नलिनीबाईंना यातलं सगळं ठाऊक होतं, आणि तरी बेट पाहिल्याबरोबर त्या गाऊनसकट पाण्यात उतरल्या होत्या त्या उतरल्याच. निळ्याशार पाण्यावर त्यांचा गोल, गोरा चेहरा गौरीच्या मुखवट्यासारखा तरंगत होता. छोटे पिवळे मासे येऊन त्यांच्या कानातल्या कुड्यांना लुचत होते आणि नलिनीबाई त्यांना, "अरे, मोती आहेत ते, माझ्या सासूबाईंचे!" म्हणून दटावत होत्या.

"वहिनी, आराम करायला आलोय ना? मग जरा नेटानं आराम करा! तुमचा आराम म्हणजे मटार सोलल्यासारखा. कपाळाला आठी, आणि एकही दाणा सुटायला नको!"

"तुम्ही डुंबा हो वन्सं. माझं काम व्हायचंय."

सकाळी त्यांनी माडाखाली केळीचं पान मांडलं होतं. आधी मुंग्या आल्या. मग एक खेकडा आला, पानाभोवती प्रदक्षिणा घालून, दह्याला नाक मुरडून गेला. कुमुदिनीबाईंनी आकाश विंचरलं, माड विंचरले, छपरं विंचरली. शेवटी घरमालक कोया, झावळ्यांच्या ज्या खोलीत त्या उतरल्या होत्या तिचा धनी, पाण्याची घागर घेऊन चालला होता, त्याला विचारलं. हातांनी पंख करून दाखवले.

"काक्का?" कोया दिलखुलास हसला. "कव्वा इधर नहीं, अम्मा. कभी नहीं. बकरी को डालूँ?"

आकाश तेवढंच निळं राहिलं. समुद्र तेवढाच सुरेख राहिला. फक्त कुमुदिनीबाईंच्या आत कसलीशी दोरी तुटली आणि बादली खोल, खोल, खोल गेली. पाणी लागल्याचा आवाज काही आला नाही.

दुपारी त्या झोपाळ्यात आडव्या झाल्या, ते झोपण्यासाठी नव्हे. दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून. दोन माडांमध्ये टांगलेली ती जाळी त्यांना घेऊन हलली. डोक्यावर झावळ्यांची हिरवी चाळण. चाळणीतून गळणारं सोनं. सोन्याचे ठिपके पातळावर, हातांवर, पापण्यांवर. हलली जाळी, हललं ऊन. हललं ऊन, हलला श्वास. कुठूनसा पिकल्या केवड्याचा वास आला आणि वाटेतच झोपी गेला. आयुष्यभर कुकरच्या शिट्ट्या मोजणारा त्यांचा कान पहिल्यांदा काहीच ऐकेनासा झाला. आणि कुमुदिनीबाई झोपल्या. अशा झोपल्या, की सावल्या त्यांच्या अंगावरून चवड्यांवर चालत गेल्या.

जाग्या झाल्या तेव्हा उन्हं कलली होती. अंग हलकं होतं, जसं काही कुणी रात्रभर पाण्यात ठेवून जाईजुईसारखं उमलवलं होतं. ओठांवर हसू होतं. कशाचं, ते आठवेना. कुठे आलोय, ते आठवेना. किती सुरेख, एवढंच कळत होतं.

आणि मग आठवलं.

नलिनीबाई केस पुशीत आल्या, तर भावजय जाळीत उठून बसलेली, दोन्ही हात मांडीवर उताणे.

"वन्सं, मला झोप लागली हो."

"बरं झालं की! चेहरा बघा कसा उजळलाय."

"तेच म्हणते. छान लागली. अशी कधी लागलीच नव्हती. आणि त्यात हे नव्हते. नावालासुद्धा नव्हते. त्यांच्या वाट्याचं सुख, वन्सं, मी एकटीनं खाऊन टाकलं. त्यांना धाडायचं होतं. ते जातच नाही हो कुठे. आत गेलं आणि माझंच झालं."

नलिनीबाईंनी केस पुसायचा पंचा भावजयीच्या उताण्या हातांवर ठेवला.

सूर्य कुंपणापलीकडे उतरू लागला. पाण्यावर केशर सांडलं, केशरावर कुंकू, कुंकवावर राख. पक्षी घरी परतायची वेळ. कुमुदिनीबाईंनी कोयाच्या बायकोकडून पुन्हा मूठभर भात मागून घेतला, दही कालवलं, आणि पान घेऊन त्या ओल्या वाळूपर्यंत गेल्या. ठेवलं. हात जोडले.

"अहो," त्या म्हणाल्या, "सुरेख आहे इथे."

मग त्यांनी मान वर केली, ओंजळ तोंडाभोवती धरली, आणि श्राद्धाच्या दिवशी गच्चीवरून घालतात तशी हाक घातली.

"काऽव! काऽव!"

किनाऱ्यावर फोटो काढणारी नवी जोडपी वळली. कुणीतरी खुदकन हसलं.

"वहिनी," नलिनीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "लोक बघतायत."

"बघू देत. काऽव! काऽव!"

नलिनीबाईंनी ओला गाऊन खोचला, भावजयीच्या शेजारी पाण्यात पाय रोवले, आणि घरातल्या तीन पिढ्यांना जागच्या जागी गप्प करणाऱ्या आपल्या खणखणीत, खड्या, खाष्ट आवाजात त्याही ओरडल्या, "काऽव! ये रे बाबा! ये की रे! काऽव!"

दोन म्हाताऱ्या, दोन हाका. हाका निळ्या पाण्यावरून गेल्या, प्रवाळांच्या कुंपणावरून गेल्या, मोठ्या समुद्रावरून गेल्या. खोटं वाटेल, पण शेकडो कोस पलीकडे, मुख्यभूमीवर, एका पिंपळात झोपी जाणाऱ्या कावळ्यानं म्हणे ती हाक ऐकली. डोळा उघडला. मान वर केली. मधला अंधार पाहिला, मधलं पाणी पाहिलं; आणि चोच पुन्हा पिसांत खुपसली.

भरती आली. पहिलं पाणी पानाला लागलं, दुसऱ्यानं पान उचललं. शितं एकेक करून सुटली. पांढरी, मऊ, चांदण्यांच्या पिलांसारखी. समुद्र त्यांना शिवला नाही. समुद्र नुसता घेऊन गेला.

काऽव, काऽव, म्हणत राहिल्या दोघी. आधी मोठ्यानं, मग हळू, मग ओठांतल्या ओठांत. पाणी जांभळं झालं. वाळू करडी झाली. पूर्वेकडून एक अफाट काळा पंख संथपणे त्या बेटावर मिटत आला, माडांवर मिटला, पाण्यावर मिटला, दोन पांढऱ्या डोक्यांवर मिटला;

आणि त्या पंखाला पक्षी नव्हता.