काठोकाठ वाडगं

माझ्या घरात पाहुण्याचं वाडगं कधी काठोकाठ भरलेलं नाही. तळाशी चहाचे दोन घोट, समोवारातून, चहाच्या त्या बंबातून, काढलेले, जीभ भाजतील असे. ते संपले की सुनेने पुन्हा दोन घोट ओतायचे. भरलेलं वाडगं म्हणजे एवढं प्या आणि चालू लागा. आमची पोरं हे बोलायला लागायच्या आधी शिकतात.

त्या दिवशी सकाळी मी थोरल्याबरोबर, ओरिनबासरबरोबर, शहरातल्या दवाखान्यात गेले होते. तो नकोच म्हणत होता. एवढ्या मोठ्या माणसाबरोबर आई कशाला, म्हणे. मी म्हटलं, "जन्माला घालताना तुझी परवानगी घेतली नव्हती, आता कशाला घेऊ?"

खरं म्हणजे सगळा हिवाळा मी त्याच्या गळ्याकडे बघत होते. नानचा घास घेतला की मागोमाग चहाचा घोट. त्याच्या बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी नान चहाबरोबर, मग नान चहात भिजवून, मग नुसता चहा, आणि शेवटी तोही उतरेना.

डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून बघितलं. म्हणाल्या, "अन्ननलिका भाजून निघालीय. जखम आहे. कर्करोग नाही. अजून नाही."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे उकळता चहा बंद, सिगारेट बंद, दारू बंद. खारवलेलं मांस आणि मासे रोज नकोत. भाज्या, फळं, डाळी रोज ताटात हव्यात. वचन कसलंच देत नाही, आजी, पण धोका कमी होतो. उन्हाळ्याआधी पुन्हा तपासू."

"उकळता नाही तर तो चहा कसला?"

"निवलेला," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली. मला काही आवडल्या नाहीत.

घरी आलो तर निरोप हजर: धाकट्या लेकीचा सासरा, तोलेगेन, जेवायला येतोय. मी सुनेला, कामशातला, दवाखान्यातलं सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "हे उद्यापासून. आज व्याही येताहेत. त्यांच्यासमोर माझ्या लेकाला आजारी ठरवू नकोस." ती समोवारात पाणी ओतायला वळली. ती भांडली की मला बरं वाटतं; गप्प बसली की मी सावध होते.

तोलेगेन दाराबाहेरूनच हसत आला. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर घोड्याच्या खारवलेल्या मांसाचं कझी होतं, खारा मासा होता, आणि मधोमध, मी सांगितलेलं नसताना, गाजर, बीट आणि शिजवलेल्या भोपळ्याचं हे भलंमोठं ताट.

"विहीणबाई, घोडा विकून मी जीप घेतली. हा चारा मग कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. ती जीप रुतली की ओढायची कुणी?"

सगळे हसले. ओरिनबासरही हसला, पण त्या ताटाला त्याने हात लावला नाही. त्याने कझी घेतलं, नान घेतला. मी बघत होते. घास उतरला, मध्येच थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हात चहासाठी पुढे गेला.

"ओत गं, सूनबाई!" तोलेगेन म्हणाला. "तुझ्या सासऱ्यासारखा चहा पिणारा या मुलखात झाला नाही. इकडे समोवार उकळतोय, तिकडे वाडगं रिकामं! बघू दे, लेकात ते पाणी आहे का."

कामशातने दूध घातलं, चहा घातला, आणि ओततच राहिली. चहा काठाशी येऊन थरथरला. ते वाडगं तिने अदबीने तोलेगेनसमोर ठेवलं. दुसरं, तसंच गच्च भरलेलं, नवऱ्यासमोर. एवढं भरलेलं वाडगं उचलता येत नाही, बोटं भाजतात. थांबावंच लागतं.

तोलेगेनचं हसू विरलं. "आम्हाला उठवताय, विहीणबाई?" तो टोपी उचलून उभा राहिला.

ओरिनबासर लाल झाला. "कामशात! ओतून टाक ते. नीट दे."

ती हलली नाही. मान खाली, हात समोवारच्या तोटीवर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक शब्द बोलले असते तर दोन उकळते घोट माझ्या लेकाच्या हातात गेले असते, आणि ते त्याने एका दमात घशात ओतले असते. बापाचाच तो.

मी माझं वाडगं पुढे केलं. "भर."

ती बघतच राहिली.

"बहिरी झालीस? काठापर्यंत भर."

तिने भरलं. मी ते समोर ठेवलं.

"बसा, तोलेगेन. या घरातून कुणाला घालवायचं असेल तर मी तोंडाने सांगते, मला वाडगं लागत नाही. माझ्या लेकाचा घसा आतून भाजलाय. त्याच्या बापाच्या जनाज्याला तुम्ही खांदा दिलात. आता लेकालाही द्यायची घाई झालीय?"

ओरिनबासरने मान वर केली नाही. तोलेगेन उभाच, टोपी हातात फिरवत.

"किती वेळ थांबायचं?" शेवटी त्याने विचारलं.

"वाफ जाईपर्यंत."

"आणि तोवर करायचं काय?"

"चारा खा."

तो कुरकुरत बसला आणि गाजराचा तुकडा कडकन चावला. मग ओरिनबासरने भोपळ्याची एक मऊ फोड उचलली. मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. घास उतरला. वाडग्याकडे त्याचा हात गेला नाही. अजून वाफ येत होती.