वरच्या वस्तीचं पाणी

“व्हॉल्व हे यादवीचं कारण होऊ शकत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

समोर पाणीखात्याचे चावीवाले काका बसले होते. दोन गुडघ्यांमध्ये छातीइतकी उंच लोखंडी चावी. शिपायाने ती दारात ठेवायला सांगितली, तेव्हा काका म्हणाले होते की हरवली तर पुन्हा युद्ध होईल. शिपाई हसला आणि त्याने आत सोडलं.

मी आयोगाचा टंकलेखक. आमचा आयोग यादवीच्या मूलभूत कारणांचा. तात्कालिक कारणांचा समोरच्या खोलीत. काका आधी तिकडे गेले होते. तिथे सांगितलं, व्हॉल्व एकोणीस वर्षं बिघडलेला आहे, म्हणजे मूलभूत झाला, पलीकडे जा. आमच्याकडे मान्य कारणांची यादी होती: जमीन, भाषा, राज्यघटना, परकीय हात. परकीय हात सगळ्यांचा लाडका, कारण तो साक्षीला येत नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. दोन्ही वस्त्यांना टाकी एकच. वरच्या वस्तीचा व्हॉल्व झिजलेला, चावी सोडली की आपोआप बंद होतो. म्हणून काका रोज अकरापासून चाळीस मिनिटं चावी दाबून उभे राहतात. बदलून द्या म्हणून सव्वीस अर्ज केले. मग एकदा चार दिवस तापाने पडले. वरचे म्हणाले, खालच्यांनी पाणी तोडलं. खालच्यांनी तोडलं नव्हतं, पण ‘बरं झालं’ म्हणाले. पाचव्या दिवशी टाकीपाशी पहिला माणूस पडला, तो काकांचा साडू.

“त्याचं माझं पटायचं नाही,” काका म्हणाले. “पण हंडा घेऊन आला होता हो तो.”

अध्यक्षांनी समजावलं की असा गलथानपणा देशात सगळीकडे आहे, त्याने देश पेटत नसतो.

“सगळीकडेच पेटलं की, साहेब.”

अध्यक्षांनी मला हे टंकू नकोस अशी खूण केली. काकांनी सत्ताविसावा अर्ज टेबलावर ठेवला. कारण मानू नका, म्हणाले, पण व्हॉल्व तेवढा बदला. आता मी बासष्टचा आहे, ताप काय विचारून येतो? अध्यक्ष म्हणाले, दुरुस्ती आयोगाच्या कक्षेत येत नाही. मग त्यांनी जमिनीविषयी काही सांगता येईल का, असं विचारलं.

काकांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. ते चावी खांद्यावर घेऊन उठले. साक्ष अर्धवट सोडता येत नाही, हे अध्यक्षांनी त्यांच्या पाठीला सांगितलं.

मी टंकलं: साक्षीदार मध्येच निघून गेला. कारण: नमूद नाही.

आमची इमारत वरच्या वस्तीत. अकरा वाजता कोपऱ्यातला नळ खोकला आणि धार लागली. अध्यक्षांनी हात धुतले, तांब्या भरून घेतला आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावलं. तो भाषेवर बोलणार होता. अकरा पंचवीसला धार एकदम बारीक झाली, आणि पुन्हा पूर्ववत वाहू लागली.

काकांनी हात बदलला असावा.