मधोमध शिवलेली गाडी

ओब्राद जुन्या गाड्या विकतो हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि कशा विकतो हेही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या स्तामेना शिंपिणीला, कारण ती पडली त्याची कूम. त्याच्या लेकीला, नेवेनाला, बाप्तिस्म्याच्या वेळी स्तामेनानं हातांवर घेतलं आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांची कूम झाली. हे नातं रक्ताचं नव्हे. पण इथं लोक सख्ख्या भावाला कोर्टात खेचतात आणि कूमसमोर आवाजही चढवत नाहीत. मग कूमकडून गाडी घेताना बरोबर मेकॅनिक नेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच की! स्तामेनानं नेला नाही. तिथंच बाई फसली.

गाडी हवी होती नवऱ्यासाठी. स्रेदोयेची मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा त्याला शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. जाताना बसमध्ये तो कसाबसा तग धरायचा. येताना मात्र खिडकीला डोकं टेकून असा पांढरा पडायचा, की शेजारचा माणूस घाबरून उठून उभा राहायचा. शेवटी स्तामेनानं आलुबुखाराची बाग विकली. सासऱ्यानं लावलेली बाग होती ती, तिच्याच फळांची दारू, राकिया, घरात वर्षभर पुरायची. सही करताना स्रेदोये एवढंच म्हणाला, "घे बाई गाडी. झाडं काही मला इस्पितळात नेणार नाहीत."

ओब्रादनं निळी जर्मन गाडी काढली. चकचकीत, आत कातडी सीटा. आमच्याकडे गाडी घेतली की ती ओली करतात, म्हणजे लोकांना पाजायची आणि थोडी चाकांवर ओतायची. त्या संध्याकाळी ओब्रादनं अर्धं गाव गोळा केलं, चाकांवर राकिया शिंपडली आणि टपावर थाप मारून ओरडला, "अरे, माझी नेवेना लग्नाच्या दिवशी ह्याच गाडीतून चर्चला जाईल! आत्ताच सांगून ठेवतो! कूमबाईला मी ऐरागैरा माल देईन होय?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. स्तामेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मेली भोळी!

उन्हाळाभर गाडी चालली. स्रेदोये मागच्या सीटवर पाय पसरून पडायचा, परतीच्या वाटेत झोपायचासुद्धा. मग एके दिवशी त्याच्या हातून मुरंब्याची बाटली मागे फुटली, सगळं चिकट झालं. स्तामेनानं मागची सीट ओढून काढली, खालचा गालिचा उचलला आणि ओल्या फडक्यानं पत्रा पुसायला लागली.

हात थांबला.

पत्र्यावर एक उंचवटा होता. ह्या दारापासून त्या दारापर्यंत, आडवा, सरळ. वर पुट्टी भरून रंग फासलेला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण जन्मभर दोन कापडं जोडून जोड लपवणाऱ्या बाईला शिवण कळणार नाही? तिनं बोट पुन्हा फिरवलं, मग बाहेर येऊन उन्हात गाडीकडे एका बाजूनं पाहिलं. पुढचा निळा वेगळा होता, मागचा निळा वेगळा. दोन निरनिराळ्या थानांचं कापड एकाच कोटाला लावावं तसं. एका अपघाताचं पुढचं धूड, दुसऱ्या अपघाताचं मागचं, आणि मधे झाळलेला जोड. त्या जोडावर तिचा नवरा झोपून जात होता, मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या मधून.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच, मुरंब्याच्या हातांनी, ती ओब्रादच्या दारात गेली. त्याचं घर आणि गाड्यांचं आवार एकाच कुंपणात, हमरस्त्याला लागून.

"कूम, ही गाडी दोन गाड्यांची आहे."

"कोण म्हणतं?"

"माझा हात म्हणतो."

ओब्राद हसला. "अगं, तू आपली झगे शीव. पत्र्यातलं तुला काय कळतं?" मग तिचा चेहरा पाहून त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "चालते ना? मग झालं तर! तू बघून घेतलीस, मी काही तुझे डोळे बांधले नव्हते. आणि नकोच असेल तर जरा पॉलिश मार आणि रविवारच्या बाजारात उभी कर. पुढचा काही गालिचा उचलून बघत नाही."

"आणि स्रेदोये मागे बसतो, त्याचं काय?"

"मग पुढे बसव!"

असं बोलला तो. कूमला. दुसरी कुणी असती तर तिथंच त्याच्या झिंज्या धरून वरात काढली असती. स्तामेना मागे वळली आणि घरी आली.

पुढचे कित्येक दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. स्रेदोयेला पुन्हा बसनं न्यावं लागलं, गाडी अंगणात चादरीखाली. एकदा तर ती विकून टाकायचा मोह झालाच. शेजारच्या गावचा एक तरुण मास्तर चौकशीला आला, बायको बरोबर, पोटुशी. त्या पोरीनं मागचं दार उघडून सीटवर हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "पाळणा इथं बसेल बघ."

"विकायची नाही," स्तामेना म्हणाली.

"पण तुम्हीच तर सांगितलं होतंत..."

"नाही म्हटलं ना! जा!"

ती दोघं गेल्यावर स्रेदोये खाटेवरून म्हणाला, "मग करणार काय त्या धुडाचं? ओब्रादकडून पैसे मागून घे आणि मोकळी हो."

"पैसे?" स्तामेना कडाडली. "पैसे तो गुपचूप देईल आणि उद्या तीच गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारेल. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. चारचौघांत. जिथं थापा मारल्या, त्याच लोकांसमोर."

आणि ती मशीनवर वाकली. मशीनवर नेवेनाचा लग्नाचा झगा होता. कूम म्हणून तो शिवायचा मान तिचाच. टाके मात्र तिनं जीव ओतून घातले, पोरीवर तिचा राग नव्हता.

लग्नाच्या सकाळी ओब्रादचं आवार माणसांनी फुललं होतं. ट्रम्पेटवाले गाल फुगवून वाजवत होते, नवरदेवाकडची मंडळी येऊन प्यायला बसली होती. तेवढ्यात स्तामेना आली. बैलगाडीहून हळू चालवत, एकटी. गाडी धुतलेली, आरशांना पांढऱ्या रिबिनी, बॉनेटवर नक्षीचा टॉवेल आणि फुलं. तिनं ती थेट फाटकासमोर आणून उभी केली, उतरली, सगळ्यांना नमस्कार केला, विहिरीवर जाऊन हात धुतले आणि परत येऊन मागचं दार उघडून उभी राहिली.

"चला! नवरी कुठंय? बापानं शब्द दिलाय, ह्याच गाडीतून जायचंय तिला!"

लोक ओरडले, "वा कूमबाई!" ओब्रादचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं.

"अगं... माझी नवी गाडी तयार आहे," तो पुढे येत म्हणाला. "त्यातून जाईल ती."

"का रे? ही का नको?"

"टायर... टायर बरोबर दिसत नाही."

नवरदेवाच्या काकानं चारही टायरांना लाथ मारून पाहिलं. "दगडासारखे आहेत!"

"मग? सांग ना कूम," स्तामेना गोड आवाजात म्हणाली. "ह्या सगळ्यांनी त्या दिवशी तुझी राकिया प्यायलीय. तूच टपावर थाप मारलीस. मला चालते, माझ्या आजारी माणसाला चालते, मग तुझ्या लेकीला का नाही?"

एव्हाना नेवेना बाहेर आली होती. तिला कशाचा पत्ता नव्हता. कूममावशीचं गाडी सजवणं पाहून ती खुलली, झगा उचलून धरला आणि एक पाय आत टाकला.

"बसू नकोस!" ओब्राद किंचाळला. "उतर! ती मधोमध कापून जोडलेली आहे! धडकली तर दोन तुकडे होतील!"

ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेटं खाली घेतली. ओब्रादची बायको हातातला पाव तसाच धरून उभी राहिली. स्तामेनाला वाटलं होतं ह्या क्षणी आपण हसू, चांगलं खदखदून हसू. हसली नाही. तिनं फक्त गर्दीकडे बघून विचारलं, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

नेवेनानं पाय बाहेर घेतला. आधी बापाकडे पाहिलं, ते नुसतं पाहणंच पुरे होतं. मग स्तामेनाकडे वळली.

"कूममावशी, तुला माहीत होतं. आणि तरी तू मला दार उघडून दिलंस?"

हे मात्र स्तामेनाला लागलं, पार आत लागलं. तिनं पोरीचा हात धरला. "वेडे, ही गाडी इथून हलणारच नव्हती. मघाशी हात धुतले ना, तेव्हाच किल्ली टाकली विहिरीत."

नेवेनानं झगा गोळा केला आणि फाटकातून चालायला लागली. बापाच्या नव्या गाडीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. ती पायी निघाल्यावर नवरदेवही निघाला, त्याच्यामागे सगळी वरात, ट्रम्पेटवाल्यांसकट. सगळ्यात मागे ओब्राद, एकटा.

संध्याकाळी तो स्तामेनाकडे आला. पूर्ण पैसे घे, वर थोडे घे, पण गाडी फाटकासमोरून ने, म्हणाला.

"नाही," स्तामेना म्हणाली. "गाडी मी ठेवतेय. माझी आहे, कागद माझ्या नावाचे आहेत, आणि तिला जागा तिथंच बरी आहे. हात लावलास तर थेट पोलिसात जाईन, साक्षीला सगळं वऱ्हाड आहे. राहता राहिला माझा माणूस. त्याला इस्पितळात न्यायला गाडी लागते, कूम."

आता आठवड्यातून तीनदा, उजाडता उजाडता, ओब्राद आपली नवी गाडी घेऊन त्यांच्या दारात येतो. हॉर्न वाजवत नाही, नुसता थांबतो. स्रेदोये पुढे बसतो. स्तामेना मागे, मांडीवर शिवणाची पिशवी घेऊन. वाटेत ओब्रादचं आवार लागतं. फाटकासमोर निळी गाडी उभी, रिबिनी पावसानं मळलेल्या, आणि गिऱ्हाईक आलंच तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारून, हसून, निघून जातं.

परवा ओब्रादला राहवलं नाही. मान मागे वळवून त्यानं विचारलं, "कूमबाई, अजून किती दिवस ठेवणार आहेस ती तिथं?"

"समोर बघून चालव, कूम," स्तामेना म्हणाली. "माझा माणूस पुढे बसलाय."